ज्याची त्याची बाटली

आमच्या ह्यांच्या तब्येतीवर सगळ्या डेपोचा विश्वास होता. एक माझा सोडून.

डेपो म्हणजे नगरपालिकेच्या कचरागाड्यांचा. हे तिथे ड्रायव्हर आहेत, कचरा दाबून भरणाऱ्या मोठ्या गाडीवर. डेपोत ह्यांना सगळे पैलवान म्हणतात. कुस्ती ह्यांनी जन्मात खेळलेली नाही. एकदा चाक बदलताना जॅक सरकला, तेव्हा खाली वाकलेल्या माणसाचा पाय सुटेपर्यंत ह्यांनी गाडीला खांदा देऊन धरली, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. विडी नाही, तंबाखू नाही, दारूचा तर वाससुद्धा सहन होत नाही. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "माझा मुलगा दगड पचवेल." मी मनात म्हणते, पचवेल हो, पण आधी तो साखरेत घोळवून द्यावा लागेल. ह्यांच्या चहात चमचा उभा राहतो.

पुढच्या खोलीत माझं शिवणयंत्र आहे. पालिका गणवेश देते तो तीनच मापांत, आणि त्यातलं एकही माप कुणा जिवंत माणसाचं नसावं असा मला संशय आहे. त्यामुळे डेपोतल्या सगळ्यांच्या पँटी माझ्याकडे येतात. कुणाची कंबर वाढली, कुणाचं पोट पुढे आलं, हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं. मग घरच्या माणसाचं कळणार नाही का?

संध्याकाळी बूट काढले की ह्यांच्या घोट्यांवर मोज्यांचे वळ उठलेले असायचे. मी नडगीवर अंगठा दाबला की तिथे खळगा पडायचा आणि बराच वेळ भरायचा नाही. पाय सुजायचे म्हणून हे बुटांच्या नाड्या दिवसेंदिवस सैल बांधायला लागले होते. पाण्याचा माठ सकाळपर्यंत तळाला जायचा, आणि मोरीत जाऊन आल्यावर फेस राहायचा, साबण सांडल्यासारखा. मी म्हणायचे, "एकदा डॉक्टरला दाखवा." हे नुसतं भिंतीकडे बोट करायचे.

भिंतीवर, माझ्या यंत्राच्या बरोब्बर वर, सासूबाईंनी ह्यांचे वैद्यकीय तपासणीचे कागद डिंकाने चिकटवून ठेवले होते. पालिकेच्या प्रत्येक माणसाची वर्षातून एकदा तपासणी होते. वजन, नजर, रक्तदाब, लघवी. लघवीत काही निघालं तरच रक्त घेतात. ह्यांच्या सगळ्या कागदांवर एकच निळा शिक्का, 'कामास योग्य'. एकाही कागदावर लाल रेघ नाही. लोक मुलांची बक्षिसं लावतात तसे सासूबाईंनी ते लावले होते.

"पालिकेचा डॉक्टर शहाणा की तू?" असं हे विचारायचे. 

खरं काय ते मला ठाऊक होतं. हे गेटला घाबरायचे. डेपोच्या गेटवर एक वॉचमन बसतो, काडीसारखा माणूस, जोरात शिंकला तर स्वतःच पडेल. एके काळी तोही ड्रायव्हर होता, आणि चांगला होता म्हणतात. एका वर्षी तपासणीत त्याची नजर अडली आणि पालिकेने त्याला गाडीवरून उतरवून गेटवर खुर्ची दिली. तेव्हापासून डेपोत त्याला 'गेट' म्हणतात. जणू त्याला दुसरं काही नावच नव्हतं. ह्यांची गाडी सकाळी त्याच्यासमोरून बाहेर पडताना हे हात करायचे, पण त्याच्याकडे बघायचे नाहीत. "मला त्या खुर्चीत बसवायचंय का तुला?" असं एकदा मला म्हणाले, आणि त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

म्हणून मी सगळी भिस्त तपासणीवर ठेवली. बाकी बायका तपासणी जवळ आली की काळजीत पडायच्या, मी वाट बघत होते. माझं ऐकत नाहीत ना, ठीक आहे, पालिकेचं तर ऐकावंच लागेल. त्यातून त्या वर्षी नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या आणि त्या फार कडक आहेत असा बोभाटा झाला होता. मला बरं वाटलं. त्या दिवशी सकाळी हे दरवर्षीप्रमाणे तांब्यामागून तांब्या पाणी पिऊन घराबाहेर पडले. पोट साफ ठेवण्याची ती त्यांची काहीतरी पद्धत असेल असं मी समजत आले होते.

आठवड्याने कागद आला. निळा शिक्का. लाल रेघ नाही.

सासूबाई डिंक शोधायला लागल्या. हे माझ्याकडे बघून हसले, त्या हसण्यात 'बघ' होतं. मी यंत्रावर बसले आणि त्या तिरमिरीत एका पँटीचा पाय खालून शिवून बंद करून टाकला. मला ह्यांचा राग आला होता, डॉक्टरीणबाईंचा आला होता, आणि सगळ्यात जास्त भीती वाटत होती. आता ह्या माणसाला कुणीच थांबवणार नव्हतं.

असे काही आठवडे गेले. मग एका दुपारी मामा आले. मामा म्हणजे डेपोतले सगळ्यात जुने ड्रायव्हर, सगळ्यांचेच मामा. पोटाचा घेर असा की स्टिअरिंगवर हात ठेवायला त्यांना वेगळी जागा लागत नाही. पँट पुढे केली आणि म्हणाले, "पोरी, कंबर आत घे."

मी टेप लावली. खरंच कंबर उतरली होती. "मामा, बरं नाही का?"

मामांनी दार लोटलं. सासूबाई आत झोपल्या आहेत ना, ते वाकून बघितलं. "कुणाला बोलायचं नाही. माझ्या लघवीत साखर निघाली. आणि ते दुसरं, प्रोटीन. डॉक्टरीणबाईंनी लाल शाईनं लिहिलंय. परत तपासणीला या, नाहीतर पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून गाडीवरून खाली. तेव्हापासून गोड बंद केलंय, रोज चालतोय. सगळा जीव गेटपाशी अडकलाय बघ."

मला वाईट वाटलं. "मामा, निदान कळलं तरी. वेळेवर कळलं."

"काय कळलं?" मामा चिडले. "ती माझी नव्हतीच."

"काय तुमची नव्हती?"

मामा खाली बघायला लागले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तपासणीच्या दिवशी सकाळी, गाड्या धुतात त्या जागेमागच्या संडासात, डेपोतली काही मंडळी आपापल्या बाटल्या घेऊन जमतात. ज्यांना स्वतःच्या तब्येतीचा भरवसा नाही अशी मंडळी. आमचे हे घरून पाणी पिऊन, दम धरून आलेले असतात. आणि हे सगळ्यांच्या बाटल्या भरून देतात. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. आधीचे डॉक्टर बाटल्यांकडे फारसं बघायचेच नाहीत, म्हणून कधी काही निघालं नव्हतं. हे कुणाला नाही म्हणत नाहीत, हे मला माहीत होतं. पण इतकं?

मला हसावं की टेपने मामांना झोडावं कळेना. "मग साखर निघाली ती—"

"माझ्या बाटलीतली ती," मामा घाईने म्हणाले. "बाटली खोकल्याच्या औषधाची होती. घाईत नीट विसळली नाही. ते औषध गोडमिट्ट असतं. पैलवानाचा काही दोष नाही त्यात. माणसानं चांगलं दिलं आणि मी ते नासवलं. त्याला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून कुणाला बोललो नाही."

दुसऱ्या दिवशी रेडिओ आला. हा ड्रायव्हर झोपेतसुद्धा बोलतो असं त्याची बायको सांगते, म्हणून रेडिओ. त्या दिवशी त्याच्या तोंडातून शब्द निघत नव्हता. त्याचीही पँट आत घ्यायची होती. मी टेप गळ्यात टाकली आणि सरळ विचारलं, "भाऊजी, लाल शाई?"

रेडिओच्या तोंडचं पाणी पळालं. "वहिनी, तुम्हाला कोण बोललं?"

"कुणी नाही. साखर कुठून आली ते सांगा."

"बाटली घेतली त्याच हातात चहा होता. सांडला असणार."

"आणि प्रोटीन?"

रेडिओने जरा विचार केला. "सकाळी अंडं खाल्लं होतं. हात धुतला नव्हता."

त्याच आठवड्यात डेपोतली मेव्हणा-दाजींची जोडी आली. हे दोघे रजासुद्धा एकत्र घेतात. दोघांच्या कागदांवर लाल शाई, दोघांत साखर, दोघांत प्रोटीन, आणि मेव्हण्याच्या मते दाजींनी झाकणं बदलली, तर दाजींच्या मते मेव्हण्याने. चौघे जण, एकमेकांपासून लपवत, माझ्या टेपसमोर उभे राहून एकच गोष्ट सांगून गेले. आणि चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ज्याच्याकडून घेतलं त्याच्यातच काही असेल. मी तसं दाजींना बोलूनसुद्धा बघितलं. ते माझ्यावर रागावले. "वहिनी, पैलवानाचा कागद बघा ना भिंतीवर. स्वच्छ आहे. त्याच्यात खोट असती तर त्याच्याच कागदावर आली नसती का?"

इथेच माझंही घोडं अडत होतं. कागद स्वच्छ होता. मी त्याच्याकडे बघत यंत्र चालवत राहिले, आणि मध्येच पाय थांबला. चार बाटल्या. एवढ्या भरल्यावर माणसात शिल्लक काय राहतं?

संध्याकाळी ह्यांना विचारलं असतं तर ह्यांनी कानांवर हात ठेवले असते. म्हणून दुसऱ्या दिवशी मी ह्यांचा विसरलेला डबा घेऊन डेपोवर गेले. डबा मीच मुद्दाम पिशवीतून काढून ठेवला होता. गाड्या बाहेर होत्या. गेटवर वॉचमन भाऊजी खुर्चीत बसले होते, शेजारी छत्री, पायाशी मांजर.

"भाऊजी," मी म्हटलं, "तपासणीच्या दिवशी आमच्या ह्यांची बाटली कुणी भरली?"

ते उठून उभे राहिले. मग पुन्हा बसले. "वहिनी, त्यात माझा काही वाईट हेतू नव्हता."

"तुमचा नव्हताच. काय झालं ते सांगा."

"पैलवान माझ्याकडे आला. म्हणाला, यंदा टाकी रिकामी झाली, सगळ्यांना वाटून टाकली, आता माझ्यापुरतं कुणाकडं मागू? तुम्ही द्याल का? मी दिली." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "खरं सांगू? मला बरं वाटलं. मला इथं बसवल्यापासून डेपोत कुणी माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. आणि वर कागद आला तो एकदम स्वच्छ. ज्याला पालिकेनं गाडीवरून उतरवलं, त्याच्या लघवीवर 'कामास योग्य' शिक्का बसला. मी हसलो, वहिनी. घरी जाऊन बायकोलाही सांगितलं, तीही हसली." मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "का? काय झालं?"

मी सांगितलं.  मांजर त्यांच्या पायावर येऊन बसलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटी म्हणाले, "मग त्याची खरी लघवी तर सगळी डॉक्टरीणबाईंकडं आहेच की. फक्त नावं दुसऱ्यांची आहेत."

मी घरी निघाले. त्या वर्षी मी ज्या कागदाकडून हरले, तो कागद ह्यांचा नव्हताच. आणि ज्यात ह्यांचं सगळं होतं ते चार कागद चार घरांत, चार कपाटांत लपवून ठेवलेले होते.

पँटी तयार आहेत, संध्याकाळी घेऊन जा, असा निरोप मी चौघांना पाठवला. वॉचमन भाऊजींनाही बोलावलं. आधी मामा आले, मग रेडिओ, मग जोडी. दारात एकमेकांना बघून चौघांचे चेहरे चोरी पकडल्यासारखे झाले. मी सगळ्यांना चटईवर बसवलं. "तुमच्या चौघांच्या कागदांवर एकच लिहिलंय," मी म्हटलं, "आता एकमेकांपासून लपवायचं काही राहिलं नाही." मामांनी रेडिओकडे बघितलं, रेडिओने दाजींकडे. वॉचमन भाऊजी दाराशी उभेच राहिले. मी बसा म्हटलं तर म्हणाले, सवय आहे.

हे कामावरून आले. खोलीभर माणसं बघून खूष झाले. "काय रे, कुणाचा वाढदिवस?"

 मग मीच बोलले. सांगायला फार वेळ लागला नाही, इतकं ते सोपं होतं. चौघांत साखर, चौघांत प्रोटीन, चौघांनी घेतलं एकाकडून, आणि त्या एकाच्या कागदावर जे आहे ते वॉचमन भाऊजींचं.

हे आधी हसले. "बाटल्या घाण असतील ह्यांच्या." मग मामांना म्हणाले, "आणि मला आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार?" मामा म्हणाले. "तू एवढं दिलंस आणि आम्ही ते खराब केलं असं वाटलं."

"चारही बाटल्या कशा घाण असतील?" मी म्हटलं.

हे बूट न काढताच स्टुलावर बसले.  मग हळूच म्हणाले, "मी गेटवर बसणार नाही." दाराशी वॉचमन भाऊजी उभे आहेत हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मान खाली घातली. 

तेवढ्यात रेडिओला कंठ फुटला. "एक सोपं आहे," तो म्हणाला. "गेटचं चांगलं आहे ना? मग परत तपासणीला सगळ्यांनी त्याचंच न्यायचं. आमच्या लाल रेघा पुसल्या जातील, पैलवानाचा कागद आहे तसा राहील. कुणाच्या बापाला कळणार नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांच्या चेहऱ्यावर एक क्षणभर सुटल्यासारखं काहीतरी आलं, मला ते स्पष्ट दिसलं.  ह्या माणसाचं मी आता काय करू, असं वाटलं. ओरडून उपयोग नव्हता, ओरडून मी थकले होते.

"मी नाही नेणार," मामा म्हणाले. "आजवर मी एकदाही माझी स्वतःची दिली नाही. एवढा चाललोय, एवढं गोड सोडलंय, ते कुणाच्या नावावर लिहू? मला माझंच बघायचंय. निघाली साखर तर निघाली."

"मामा, गाडी जाईल," दाजी म्हणाले.

"एक तारखेपासून तशीही जाणारच आहे."

हे एकदम वर बघायला लागले. "कुणाची गाडी जाणार आहे?"

"आमची," रेडिओ म्हणाला. "चौघांची. परत तपासणी होईपर्यंत."

"माझ्यामुळं?"

 हे स्टुलावरून खाली वाकले. नाड्या आधीच सैल होत्या, बूट निघाले. मोजा खाली सरकवला. मग त्यांनी स्वतःच्या नडगीवर स्वतःचा अंगठा ठेवला आणि दाबला. मी कितीतरी वेळा दाबला होता तेव्हा हे दुसरीकडे बघायचे. आज त्यांनी बोट उचललं आणि त्या खळग्याकडे बघत बसले. सगळी खोली बघत बसली. तो भरायला फार वेळ लागला.

"उद्या जाऊ," हे म्हणाले. "सगळेच जाऊ."

मी आत जाऊन चहा टाकला. साखर घातली नाही. चुलीपाशी उभी राहून मी पोटभर रडले, आणि सासूबाईंनी विचारलं तेव्हा धूर झाला म्हणून सांगितलं. चूल गॅसची आहे.

आरोग्य विभागाची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. हिरवा पडदा, वजनकाटा, भिंतीलगत लांब बाक. आम्ही त्यावर ओळीने बसलो, मी धरून सहा जण, आणि शेवटी वॉचमन भाऊजी, कारण तेही आले होते. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान असतील. पायात कापडी बूट, कानामागे पेन. मामांनी सगळं कबूल केलं. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाल्या, "म्हणजे मी लघवी तपासायच्या पट्ट्यांचा अख्खा डबा खराब समजून फेकून दिला. नवीन डबा मिळावा म्हणून भांडले. आणि तुम्ही सगळे एकच होतात."

"हो, बाई," मामा म्हणाले.

"मी परत बोलावलं तेव्हा एकही आला नाही. का?"

"भीती, बाई."

बाईंनी पाच स्वच्छ बाटल्या काढून पाचही जणांच्या हातात दिल्या. "एकेक जण आत. मी दाराबाहेर उभी आहे. आणि बाहेर येताना बाटली कोमट हवी."

मामा गेले, आले. रेडिओ गेला, आला. जोडीला बाईंनी एकत्र जाऊ दिलं नाही. मग हे आत गेले, आणि येईनात. वर्षानुवर्षं चार माणसांना पुरवणारा माणूस आज एका बाटलीपुरता आटला होता.  रेडिओने जाऊन बेसिनचा नळ सोडला. पाण्याचा आवाज होत राहिला. मामा दाराकडे बघून म्हणाले, "पैलवान, सावकाश. आम्ही आहोत इथं."

हे बाहेर आले तेव्हा बाटली दोन्ही हातांत धरली होती. बाईंनी पट्टी बुडवली. रंग बदलायला लागला आणि मी डोळे मिटले. त्यांनी दंडाला रक्तदाबाचा पट्टा लावला, तो पुरेना. "आधीचे लोक काय करत होते?" त्यांनी विचारलं. हे म्हणाले, "दंड जाड आहे म्हणून जास्त दाखवतंय असं म्हणायचे आणि सोडून द्यायचे." बाईंनी खालच्या मजल्यावरून मोठा पट्टा मागवला, दोनदा मोजलं, आणि मग रक्त घेतलं.

रक्ताचा निकाल आला तेव्हा मी बरोबर गेले. ह्यांना साखरेचा आजार होता, आणि तो बराच काळ असावा. मूत्रपिंडांना त्याचा त्रास सुरू झाला होता. बाईंनी काही लपवलं नाही. "थोडं नुकसान झालंय, ते परत येणार नाही. पण बरंचसं शिल्लक आहे, आणि ते टिकवता येतं. गोळ्या, मीठ कमी, साखर बंद, चालणं. अशीच आणखी काही वर्षं गेली असती तर मी हे बोलू शकले नसते."

हे म्हणाले, "गाडी?"

मी कपाळाला हात लावला. माणसाने आधी जिवाचं विचारावं.

"तीन महिने गाडी नाही," बाई म्हणाल्या. "साखर ताब्यात आली की परत. तोपर्यंत हलकं काम. गेटवर."

मला वाटलं आता हे उठून जातील. हे बसून राहिले. मग म्हणाले, "तिथं एकच खुर्ची आहे."

"दुसरी मागवा," बाई म्हणाल्या.

दुसरी खुर्ची आली नाही, पालिकाच ती. वॉचमन भाऊजींनी घरून एक आणली. तीन महिने दोघे गेटवर शेजारी बसले. संध्याकाळी हे घरी येऊन सांगायचे की वॉचमन भाऊजींना अजूनही गाडीच्या आवाजावरून कुठली गाडी येतेय ते कळतं, की त्यांनी मांजराचं नाव स्टेपनी ठेवलंय, की ते फार गमतीदार माणूस आहे आणि हे आपल्याला आधी कसं कळलं नाही. एकदा मी डबा खरोखरच विसरला म्हणून घेऊन गेले, तर दोघे फाटकाच्या आत चकरा मारत होते, जेवणानंतरचं चालणं म्हणून, आणि मामाही गाडी लावून त्यांच्यात सामील झाले होते.

मामांच्या लघवीत थोडी साखर निघाली होती, त्यांच्याही गोळ्या सुरू झाल्या. मेव्हण्याला रक्तदाब निघाला, दाजींना काही नाही, त्यावरून त्यांची अजून भांडणं चालू आहेत. रेडिओ ठणठणीत निघाला. इतकी वर्षं त्याने दुसऱ्याची कशाला नेली हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

तीन महिन्यांनी हे परत गाडीवर चढले. त्या सकाळी गाडी गेटमधून बाहेर काढताना हे थांबले, काच खाली केली आणि वॉचमन भाऊजींशी दोन शब्द बोलले. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तरी बोलत राहिले.

यंदाची तपासणी गेल्या महिन्यात झाली. हे घरून तांब्यामागून तांब्या पाणी न पिता गेले. डेपोत सगळे आपापल्या बाटल्या घेऊन रांगेत होते म्हणे. एका नव्या ड्रायव्हरने कुठूनतरी जुनी गोष्ट ऐकून ह्यांना हळूच विचारलं, तर ह्यांनी त्याला खांद्याला धरून डॉक्टरीणबाईंच्या दारापर्यंत पोचवलं.

आठवड्याने कागद आला. मी यंत्र थांबवलं. निळा शिक्का होता, 'कामास योग्य, औषध चालू'. त्याखाली दोन ठिकाणी लाल रेघ, साखर आणि प्रोटीन, दोन्हींपुढे 'पूर्वीपेक्षा कमी' असं लिहिलेलं. ह्यांचे घोटे मी रोज बघते, वळ कधीच गेले आहेत. तरी ते अक्षर मी दोनदा वाचलं.

सासूबाईंनी डिंक आणला होता. कागद हातात घेऊन त्यांनी डोळे बारीक केले. जुने सगळे कागद मी केव्हाच काढून टाकले होते, भिंतीवर त्यांचे पांढरे चौकोन राहिले होते.

"अरे, ह्याच्यावर हे लाल काय आहे?" त्यांनी विचारलं. "आधी तर कधी नव्हतं."

हे बुटांच्या नाड्या घट्ट बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "तो मी आहे, आई. लाव."